डगल्याला खिसे किती?

मराठीत रहस्य, भय, अद्भुत असं काही लिहिणाऱ्या माणसाला वाचक भेटायच्या जागा ठरलेल्या असतात. वाचनालयाचा वर्धापनदिन, तिथली शाल आणि नारळ. ग्रंथप्रदर्शनातला प्रकाशकाचा गाळा. तिथे वाचक पुस्तक उचलतो, उलटं करून किंमत बघतो आणि मग आपल्याकडे बघतो. रात्री जेवणं आटोपल्यावर येणारे फोन. सगळीकडे एक अदब असते. वाचक म्हणतो, “छान लिहिता हो तुम्ही”, आपण म्हणतो, “आभारी आहे”, आणि कादंबरीत जे घडलं, ज्यासाठी त्यानं रात्र जागवली, त्याविषयी बोलायचं राहूनच जातं.

म्हणून मुंबईत गोरेगावच्या नेस्को प्रदर्शन केंद्रात भरणाऱ्या चाहत्यांच्या मेळाव्याचं बोलावणं आलं, तेव्हा मी लगेच होकार कळवला. असे मेळावे आपल्याकडे २०११पासून, दिल्ली हाटमध्ये पहिला भरला तेव्हापासून रुजत गेले. कॉमिक्स, जपानी अ‍ॅनिमे, गेम्स, सिनेमे, मालिका आणि एका कोपऱ्यात पुस्तकं. आवडत्या पात्राचा वेश करून यायचं, त्याला ही मुलं कॉस्प्ले म्हणतात. त्यांच्या यादीत मराठी कादंबरीकार फारसा नसतो. माझं नाव गेलं ते माझ्या नाकेदारिणीमुळे.

तिच्याविषयी थोडं सांगायला हवं. नाणेघाट चढून वर आलं की एक मोठा दगडी रांजण दिसतो. जुन्नरहून कोकणात, कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे उतरणारी ही सातवाहनांच्या काळातली वाट. त्या रांजणात जकात टाकत असत, असं सांगतात. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मनात एक बाई उभी राहिली. रात्रीच्या वेळी घाटमाथ्यावरच्या नाक्यावर एकटी बसलेली. काष्ट्यावर जुना डगला, वर घोंगडी, हातात कंदील, खांद्याला चामडी पिशवी आणि पिशवीत वही. त्या वाटेनं व्यापारी जातात, बैल जातात, आणि जे आता जिवंत नाहीत तेही जातात. ती प्रत्येकाचं नाव विचारते आणि लिहून घेते. नाव नोंदवल्याशिवाय कोणी घाट उतरायचा नाही, हा तिचा एकच कायदा. तिच्यासमोर एका रात्री सावली नसलेला एक व्यापारी येऊन उभा राहतो आणि नाव सांगत नाही. तिथून माझी कादंबरीमालिका सुरू होते.

छापील पुस्तकं बेताचीच खपली. पुढे ती ध्वनिपुस्तकांत आली आणि ऐकणारा एक नवाच वर्ग तयार झाला. डोंबिवली, बदलापूर, विरार, पनवेल. लोकलमध्ये कानाला इअरफोन लावून उभं राहणारी माणसं. त्यांचे निरोप येत होते, पण त्यांतलं कोणीही मी पाहिलेलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळच्या पंचवटीनं निघाले. ही गाडी १९७५पासून नाशिककरांना मुंबईला नेते-आणते आहे. पासधारकांचे डबे म्हणजे चालतं गावच. कोणाच्या मुलीचं लग्न ठरलं, कोणाची बदली झाली, सगळं कसाऱ्याच्या आत कळतं. मी मात्र घाट उतरेपर्यंत खिडकीबाहेर बघत होते. थळ घाटातले बोगदे संपून कसारा आलं की हवा बदलते, अंगाला चिकटते, आणि मुंबई अजून शंभरेक किलोमीटर लांब असली तरी तिची घाई डब्यात शिरते.

दादरला मावशीकडे उतरले. मावशी गिरगावच्या चाळीत वाढली. मी कशासाठी आले आहे ते समजावून सांगायला लागले, तर तिनं मध्येच थांबवलं. “अगं, म्हणजे झुंजार-झुंजार खेळायचं, असंच ना?” तिच्या लहानपणी बाबुराव अर्नाळकरांच्या झुंजार, काळापहाड या नायकांच्या रहस्यकथा चाळीत एका बिऱ्हाडातून दुसऱ्यात फिरायच्या. हजाराहून जास्त कथा लिहिल्या त्या माणसानं, गिनीज बुकात नोंद झाली. समोरच्या बिऱ्हाडातला एक मुलगा काळा रुमाल डोळ्यांवर बांधून, त्याला भोकं पाडून काळापहाड व्हायचा आणि गॅलरीतून जिन्यावर उड्या टाकायचा. मावशी आणि तिच्या मैत्रिणी झुंजारच्या बाजूला. वाचनालयातून नवीन पुस्तक आलं की आधी कोणी वाचायचं यावरून भांडणं. “आणि खेळताना कोणी पुस्तकातल्यापेक्षा वेगळं वागला, की आम्ही त्याला बाद करायचो,” ती म्हणाली. “काळापहाड असा पळून जाणार नाही, असं म्हणायचो.”

हे ऐकल्यावर मला दुसऱ्या दिवसाची भीती उरली नाही. जे मी परकं, नवं, इंग्रजी वळणाचं समजत होते, ते गिरगावात पूर्वीच होऊन गेलेलं होतं. फक्त तेव्हा त्याला तिकीट नव्हतं.

शनिवारी राम मंदिर स्टेशनला उतरायचं म्हणून दादरहून स्लो लोकल धरली. जोगेश्वरी आणि गोरेगावच्या मधलं हे स्टेशन डिसेंबर २०१६मध्ये सुरू झालं. नेस्कोला तेच जवळ. बायकांच्या सेकंड क्लासमध्ये वांद्र्याला दोन मुली चढल्या. एकीच्या डोक्यावर वळलेली शिंगं, दुसरीच्या पाठीवर पुठ्ठ्याचे घडी घातलेले पंख. डब्यानं क्षणभर पाहिलं आणि मग मुंबई जे करते ते केलं. जागा करून दिली. “शिंग सांभाळ गं, पंख्याला लागेल.” मेथीची जुडी निवडत बसलेल्या एका बाईंनी विचारलं, “नाटकाची स्पर्धा आहे का?” मुलीनं मान हलवून “तसंच काहीतरी” म्हटलं. अंधेरी येईपर्यंत दुसऱ्या एका बाईंनी आपल्या पर्समधली सेफ्टी पिन काढून पंखाचा सुटलेला पट्टा ब्लाउजला लावून दिला होता आणि पिन परत मागितलीही नव्हती.

नेस्कोचे हॉल प्रचंड. उंच पत्र्याचं छत, खाली गाळ्यांच्या रांगा, एका टोकाला गेमिंगचा मंच आणि त्याचा अखंड आवाज. जपानी, अमेरिकन, कोरियन पात्रांची गर्दी. मला त्यांतली बरीचशी ओळखता येत नव्हती, तरी बघत राहावंसं वाटत होतं, कारण काम फार मन लावून केलेलं होतं. फोमच्या शीट कापून, हीट गननं वाकवून केलेली चिलखतं. जवळ जाऊन पाहिल्यावर कळतं, की हा खांदा योगा मॅटचा आहे आणि त्यावरचे खिळे म्हणजे फर्निचरवाल्याकडच्या टाचण्या आहेत. सामान कुठून आणलं हे प्रत्येकजण आनंदानं सांगत होता. कापड मंगलदास मार्केट किंवा हिंदमाता, बटणं-लेस भुलेश्वर, दिवे आणि वायरी लॅमिंग्टन रोड. एका पोशाखात अर्धी मुंबई शिवलेली होती.

त्या गर्दीत एक गोष्ट मी अधूनमधून थांबून बघत होते. ज्यांचा मुखवटा मोठा, डोकं पूर्ण झाकणारा, त्यांच्यासोबत एक साधा कपडे घातलेला मित्र किंवा मैत्रीण चालत होती. मुखवट्यातून बाजूचं दिसत नाही, पायाखालचं दिसत नाही. सोबती हात धरून नेतो, पायरी आली की सांगतो, पाणी पाजतो, फोटो काढणाऱ्यांना थोपवतो, तलवार धरतो. त्याच्याकडे कोणी बघत नाही आणि त्याच्याशिवाय ते पात्र दहा पावलंही टाकू शकत नाही.

हा सोबती मी लहानपणी पाहिला होता. वडील पेठ तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर होते. तिथे उन्हाळ्यात बोहाडा व्हायचा. नाशिकच्या पश्चिमेकडे आणि खाली जव्हार-मोखाड्यात अजूनही होतो. रात्री संबळ सुरू झाला की एकेक सोंग निघायचं. गणपती, शारदा, पुढे नरसिंह, रावण, भीम, आणि शेवटी पहाटेकडे जगदंबा आणि महिषासुराचं युद्ध. मुखवटे लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे, झगझगीत रंगांचे, माणसाच्या डोक्यापेक्षा कितीतरी मोठे. डोक्याला आधी कापड गुंडाळायचं, मग मुखवटा चढवून आवळून बांधायचा. आतला माणूस जवळजवळ आंधळाच. म्हणून टेंभ्याच्या उजेडात एकजण त्याच्या पुढे पाठमोरा चालत असायचा, तोंड सोंगाकडे, पाय मागे मागे. कोणतं सोंग कोणाच्या घरानं नाचवायचं हा मान ठरलेला. ज्याच्या घरी नरसिंह, त्याच्या पोरानं बापाची चाल बघून बघून शिकायची. लोक मुखवट्याला नावाजत नसत, तो सगळ्यांनी पाहिलेलाच असे. “यंदा चाल बरोबर पडली” असं म्हणत.

नेस्कोमध्येही तेच चाललं होतं. एक मुलगा खांबाला टेकून वडापाव खात होता, खांदे पडलेले, थकलेला. कोणीतरी फोटो मागितला. त्यानं वडापाव सोबतीच्या हातात दिला, मान खाली घालून क्षणभर थांबला, आणि वर पाहिलं तेव्हा तो दुसराच कोणी होता. पाठीचा कणा वेगळा, हनुवटी वेगळी. ज्या पात्राचं नावही मला माहीत नव्हतं, त्याचा स्वभाव मला कळला. मी कादंबरीत दोन पानं खर्च करून जे करते ते त्यानं मान वर उचलून केलं.

या वेशांचा इतिहास सांगताना १९३९ सालचं न्यूयॉर्क आठवलं जातं. पहिलं जागतिक विज्ञानकथा संमेलन तिथे भरलं आणि फॉरेस्ट अ‍ॅकरमन नावाचा चाहता भविष्यातल्या माणसाचा वेश करून गेला. त्याच्याबरोबर मर्टल डग्लस होती. तीही वेशात होती, आणि दोघांचेही कपडे तिनं शिवले होते. बरीच वर्षं नाव मात्र त्याचंच पुढे राहिलं. मी हे वाचलं होतं तेव्हा केवळ माहिती म्हणून वाचलं होतं. शनिवारी दुपारी त्याचा अर्थ माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

माझ्यासाठी एक छोटं टेबल दिलं होतं. मागे फलक, पुढे पुस्तकं. जेवणाच्या सुमाराला गर्दीतून एक कंदील येताना दिसला. आधी कंदीलच दिसला, मग घोंगडी. मग डगला. माझी नाकेदारीण मुखपृष्ठावर पाठमोरी आहे, तिचा चेहरा कोणीच पाहिलेला नाही. ती समोरून चालत येत होती, गव्हाळ रंगाची, चष्म्याची, वीस-एकवीस वर्षांची. मी खुर्चीतून उठले. काय बोलावं ते सुचेना.

तीच बोलली. “मॅडम, एक विचारायचंय. डगल्याला खिसे किती?”

मी म्हटलं, “म्हणजे?”

“पहिल्या भागात ती किल्ली आतल्या खिशातून काढते. दुसऱ्या भागात उजव्या खिशात चिंधी असते, बोट कापतं तेव्हाची. म्हणजे दोन नक्की. पण शिक्का कुठे ठेवते ते कुठेच नाही. वहीवर उठवते तेव्हा तो एकदम हातात असतो. मी मग कमरेला दोरीनं बांधलाय. चुकलं का?”

डोंबिवलीची मुलगी, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. शिक्का तिनं खोडरबर कोरून केला होता. कंदिलातला दिवा तिच्या भावानं लॅमिंग्टन रोडवरून आणून जोडला होता, तो खऱ्या वातीसारखा फडफडत होता. घोंगडी आजोबांची, खरी, तिच्या काळ्या लोकरीला अजून पेटीतल्या डांबरगोळ्यांचा वास होता. मी खिशांचा विचार कधी केलेला नव्हता. गरज लागली तेव्हा खिसा आला होता. पण ही मुलगी तो डगला अंगावर घालून चालणार होती, तिला तो पूर्ण हवा होता. मी म्हटलं, “चुकलं नाही. कमरेलाच असतो शिक्का. मला आत्ता कळलं.” तिनं मान डोलावली, समाधानानं.

तिच्या मागे तिची आई उभी होती. हातात मोठी पिशवी, तीत सुई-दोरा, कात्री, पिना, डबा, पाण्याची बाटली. सोबती. डगला त्यांनीच शिवला होता. घरी फॉल-पिकोचं काम करतात. त्यांनी आमची कादंबरी वाचलेली नव्हती. मुलगी मशीनजवळ बसून वाचून दाखवायची आणि त्या पाय चालवत ऐकायच्या. त्या जरा संकोचून म्हणाल्या, “ताई, मी तुमच्या बाईचा डावा खांदा अर्धा इंच खाली घेतलाय. ती पिशवी त्याच खांद्याला लावते ना, इतकी वर्षं. खांदा उतरणारच. सरळ शिवला तर डगला तिला बसायचा नाही.”

मी त्या खांद्याकडे पाहिलं. खरंच खाली होता. मुलीचा नव्हे, मुलगी सरळ उभी होती. डगल्याचा होता. नाकेदारीण जितकी वर्षं त्या घाटावर बसली होती ती वर्षं त्या शिवणीत होती.

माझ्या कादंबऱ्यांवर दोन-चार ठिकाणी लिहून आलं आहे. ‘उत्कंठावर्धक’, ‘ओघवती’, ‘मनोरंजन करण्यात यशस्वी’. लिहिणाऱ्यांविषयी मला आदर आहे. पण वहीचं वजन कोणी काढलं नव्हतं. मेलेल्या-जिवंत माणसांच्या नावांनी भरलेली वही खांद्यावर वागवली तर अंगावर काय परिणाम होईल, हा प्रश्न त्या पुस्तकाच्या गाभ्यातला प्रश्न आहे. तो विचारला एका शिवणाऱ्या बाईनं, आणि उत्तरही कापडात दिलं. यापेक्षा चांगलं वाचन मला माहीत नाही. पात्र कसं दिसतं हे बघणाऱ्याला पुरतं. शिवणाऱ्याला ते कसं बसतं, उठतं, कुठे घाम येतो, कुठे कापड विरतं हे ठाऊक असावं लागतं. लिहिणाऱ्यालाही हेच ठाऊक असायला हवं, आणि आम्ही बरेचदा दिसण्यावर भागवतो.

दुपारी मंचावर चर्चा होती. इंग्रजीत अद्भुतकथा लिहिणारे एक लेखक, हिंदीत श्राव्य भयमालिका लिहिणारी एक तरुण लेखिका आणि मी. सूत्रसंचालक इंग्रजीत विचारत होता. मी पहिलं उत्तर मराठीत दिलं, मुद्दाम नव्हे, नाणेघाटाविषयी बोलायचं होतं आणि ते मला मराठीतच येतं. समोरून एक आवाज उठला, टाळ्या नव्हेत, ओळख पटल्याचा हुंकार. मग प्रश्न मराठीत यायला लागले. नाकेदारीण मरणार का? व्यापाऱ्याला सावली परत मिळणार का? तिची आई त्या वहीत आहे का? शेवटचा प्रश्न विचारणारा मुलगा दहावीतला असेल. मी त्याला उत्तर दिलं नाही, पण पुढच्या भागाचा सगळा भार त्याच प्रश्नावर आहे, आणि तो त्याला एकट्यानं सापडला होता.

चर्चेनंतर बदलापूरचा एक मुलगा टेबलाशी घुटमळत राहिला. गर्दी कमी झाल्यावर म्हणाला, “मॅम, मी तुमच्या व्यापाऱ्यावर गोष्टी लिहिल्यात. मित्रांच्यात वाचतो आम्ही. चालतं का?” त्याच्या गोष्टींत व्यापाऱ्यानं सावली कशी विकली ते होतं. त्यानं मला कथानक सांगितलं. माझं नाही तसं ते. माझा व्यापारी लोभी आहे, त्याचा व्यापारी बहिणीच्या औषधासाठी सावली गहाण टाकतो. मी जरा वेळ गप्प राहिले. आपल्या कायद्याप्रमाणे हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षं राहतो, आणि मी त्या हक्कावर जगते. तो सोडून द्यावा असं मला वाटत नाही. पण मावशीच्या चाळीत काळापहाडनं पळून जायचं की नाही हे पोरंच ठरवत होती, आणि त्यातूनच अर्नाळकरांचा पुढचा वाचक तयार होत होता. मी त्याला म्हटलं, “लिही. विकू नकोस, आणि वर लिहून ठेव की व्यापारी कुठून आला. आणि गहाणाची कल्पना इतकी चांगली आहे की त्यासाठी तुझा स्वतःचा व्यापारी कर.” त्यानं वहीत लिहून घेतलं. मला वाटतं मी त्याला बरोबर तेच सांगितलं.

संध्याकाळच्या सुमाराला एक बाई आल्या, वेशात नव्हत्या, बरोबर आठ-नऊ वर्षांचा मुलगा, त्याच्या डोक्यावर विकत घेतलेलं पुठ्ठ्याचं शिरस्त्राण. पुस्तकावर सही घेताना म्हणाल्या, “मी या हॉलमध्ये पूर्वी पण आलेय.” त्या परिचारिका. २०२०मध्ये नेस्कोचं कोविड केंद्र झालं होतं, हजारो खाटा या छताखाली होत्या. त्यांनी हात करून दाखवलं, जिथे आता पोस्टर विकणारे बसले होते, तिथे त्यांची रांग होती. ड्यूटी संपल्यावर बसमध्ये त्या कादंबरी ऐकायच्या. “तुमची ती बाई नाव विचारल्याशिवाय कोणाला जाऊ देत नाही ना,” त्या म्हणाल्या, “आम्ही पण नावं लिहायचो. येणाऱ्याचं, जाणाऱ्याचं. कधी कधी नातेवाईक कोणीच नसायचं, मग नाव मोठ्यानं वाचायचे मी. तुमच्या पुस्तकात ती वाचते तसं.”

मी कादंबरीचा तो भाग साथीच्या आधी लिहिला होता. त्या बाईंनी त्याला जो अर्थ दिला तो मी दिलेला नव्हता, आणि आता तो त्यातून काढताही येणार नाही. मी सही केली. त्यांच्या मुलानं शिरस्त्राण काढून मला डोक्यावर घालून बघायला दिलं. आतून पुठ्ठ्याचा आणि घामाचा वास होता, आणि बाजूचं खरंच काही दिसत नव्हतं.

रात्री मावशीकडे जेवताना मला नाशिकचं मराठी साहित्य संमेलन आठवत होतं. डिसेंबर २०२१, चौऱ्याण्णवावं. अध्यक्ष जयंत नारळीकर. विज्ञानकथा लिहिणारा माणूस त्या पदावर आला याचा आम्हा लोकांना केवढा आनंद झाला होता. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी आपली कथा नारायण विनायक जगताप या नावानं पाठवली होती, आपल्या नावाचं वजन परीक्षकांवर पडू नये म्हणून, आणि तिला बक्षीस मिळालं होतं. प्रकृतीमुळे ते नाशिकला येऊ शकले नाहीत. तरी त्या मांडवात आमच्या जातीच्या लेखनाला पहिल्यांदा मधल्या खुर्चीचा मान मिळाला होता. तो मान मला हवा आहे, अजूनही. पण त्या मांडवात कोणी मला खिसे किती असं विचारलं नसतं, आणि आता मला तोही मान हवा आहे. बोहाड्यात जसा सोंगाचा मान घराकडे असतो तसा नाकेदारिणीचा मान आता डोंबिवलीच्या एका घराकडे आहे, असं मी मावशीला सांगितलं. मावशी म्हणाली, “मग पुढच्या पुस्तकात खांदा उतरलेला लिही.” लिहिणार आहे.

रविवारी अर्धा दिवस हॉलमध्ये नुसती फिरले. जे आवडलं नाही तेही सांगते. तिकीट महाग आहे. बदलापूरच्या त्या मुलानं त्यासाठी पैसे साठवले होते, आणि आत आल्यावर खायला-प्यायला वेगळे. गाळ्यांवर विकायला होतं त्यातलं बहुतेक बाहेरच्या देशांतल्या पात्रांचं. बाहुल्या, टी-शर्ट, तलवारी. मराठी अक्षर शोधावं लागत होतं. चित्रकारांच्या रांगेत तीन-चार मराठी मुलं होती, विलक्षण हात त्यांचा, पण तीही जपानी पात्रंच काढत होती, कारण तीच खपतात. एकानं गठ्ठ्याच्या तळातून मला खंडोबाचं एक चित्र काढून दाखवलं, घोडा उधळलेला, भंडारा सगळ्या कागदभर. हे वर का ठेवत नाहीस, विचारलं. म्हणाला, “विचारायला कोणी येत नाही.” मी ते विकत घेतलं. विचारायला कोणी येत नाही हे मला पटत नाही. नाकेदारिणीला बघायला शनिवारी माणसं थांबत होती, ती कोण म्हणून विचारत होती, आणि मुलगी प्रत्येकाला सगळी गोष्ट सांगत होती. विचारण्यासारखं समोर ठेवलं पाहिजे, आणि ते आमचं काम आहे, आयोजकांचं नव्हे.

संध्याकाळच्या पंचवटीत बसल्यावर मी पहिले फोन त्यासाठीच केले. पुढच्या वर्षी चौघांनी मिळून एक गाळा घ्यायचा, भाडं वाटून. खंडोबावाला चित्रकार तयार आहे, तो मराठी कथांमधली पात्रं काढणार. भयकथा लिहिणारे पुण्याचे एक मित्र तयार आहेत. मी आहे. पुस्तकांबरोबर स्वस्तातल्या छोट्या पुस्तिका ठेवायच्या, एकेका कथेच्या, शाळेतल्या मुलाला परवडतील अशा. गाळ्यावर एक शिवणयंत्र ठेवायचं अशीही कल्पना आहे, सुटलेली शिवण, तुटलेला पट्टा, तिथल्या तिथे नीट करून द्यायला. डोंबिवलीच्या त्या ताईंना विचारलं, त्या यायला तयार आहेत, मजुरी ठरवून. चौथी जागा रिकामी आहे. मराठीत रहस्य, विज्ञान, अद्भुत यांतलं काही लिहिणारं कोणी असेल आणि दोन दिवस उभं राहायची तयारी असेल, तर दिवाळीच्या आत कळवावं, कारण गाळ्याचे पैसे त्यानंतर लगेच भरावे लागतात.